परदेशातून आलेले आयरिसचे बी रुजत नाही: दोष कुठे शोधावा

दर वर्षी एप्रिल उजाडला की आयरिस या फुलझाडाचे हौशी संकरक एकमेकांना जवळपास एकच तक्रार लिहून पाठवतात. पाकीट आले, बी पेरले, दोन महिने कुंडीकडे पाहत बसलो आणि काहीही उगवले नाही. तेव्हा पाठवणाऱ्याने जुने किंवा मेलेले बी पाठवले असावे. मी स्वतः ही तक्रार केलेली आहे आणि माझ्याविरुद्ध झालेलीही आहे. मी मूळची रत्नागिरीकडची असून गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहते. घरामागच्या लहानशा वाफ्यात मी पॅसिफिक किनाऱ्यावरच्या आयरिसचे संकर करते, आणि अमेरिकेतील ऑरेगन, जर्मनी व न्यूझीलंड येथील तिघांशी माझी बियांची देवाणघेवाण चालते. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की बी क्वचितच मेलेले असते. बियांबरोबर जी माहिती यायला हवी ती वाटेत गळते, किंवा मुळात लिहिलेलीच नसते. त्यामुळे रोगाचे मूळ शोधताना कुंडीपासून मागे मागे जात पाकिटावरच्या चिठ्ठीपर्यंत पोहोचावे लागते.

मुळात गड्ड्यांऐवजी बी का पाठवावे, असा प्रश्न नवीन माणूस विचारतो. आयरिसच्या गड्ड्यातून बोरर अळीसारखी कीड आणि मातीतील रोग सहज प्रवास करतात. कोरडे, स्वच्छ बी त्या मानाने फारच निर्धोक असते. शिवाय डग्लसियाना, इनॉमिनाटा, टेनॅक्स या कॅलिफोर्निया ते वॉशिंग्टन पट्ट्यातील जातींना मुळांची हलवाहलव अजिबात सोसत नाही. नवी पांढरी मुळे फुटत असतात ते शरद ऋतूतील थोडे दिवस सोडले, तर उपटलेले झाड बहुधा दगावतेच. म्हणून या गटात बी हाच खरा व्यवहार आहे. हा व्यवहार जुनाही आहे. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मायकेल फॉस्टर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्वेकडील मिशनरी आणि प्रवासी यांच्याकडून आयरिस मागवत असत. आपल्या हिमालयातील आयरिस माइल्सी या जातीला ज्यांचे नाव मिळाले त्या फ्रँक माइल्स या इंग्रज चित्रकाराने ती कुलूच्या खोऱ्यातून आलेल्या बियांपासून वाढवली होती, आणि फॉस्टर यांनी 1883 मध्ये तिचे नामकरण केले. त्या काळी पाकीट फोडून पाहणारे कोणी नव्हते, एवढाच काय तो फरक.

पाकीट पोहोचतच नाही, किंवा जप्त होते

पहिली तपासणी येथून सुरू करावी, कारण येथे अडलेले बी किती चांगले होते याला काहीच अर्थ उरत नाही. बी पाठवणे म्हणजे पत्र पाठवणे नव्हे. टपाल कितीही हलके असले तरी तो कायद्याच्या दृष्टीने माल आहे, त्यावर कस्टमचे निवेदन लागते, आणि त्यात 'भेटवस्तू' एवढेच लिहून भागत नाही. 'फुलझाडाचे बी, आयरिस' असे स्पष्ट लिहावे लागते. 2020 च्या उन्हाळ्यात न मागवलेल्या बियांची गूढ पाकिटे अमेरिकेत आणि इतरत्र घरोघरी येऊन पडली, तेव्हापासून तर लपवून पाठवलेल्या बियांकडे कोणीही हौशी माणसाचा भाबडेपणा म्हणून पाहत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रात बी सरकवून देण्याची जुनी युक्ती अजूनही काही जण सुचवतात. ती बेकायदा आहे आणि ती मी करत नाही. शिवाय टपाल छाटणाऱ्या यंत्राच्या रुळांमधून ते पत्र गेले की बियांचा भुगा होतो, हे वेगळेच.

अमेरिकेपुरते बोलायचे तर हौशी माणसासाठी तेथील कृषी विभागाने 2006 पासून 'बियांच्या लहान खेपां'चा परवाना ठेवला आहे. हा परवाना बी घेणाऱ्याने काढायचा असतो, पाठवणाऱ्याने नव्हे, आणि नेमका येथेच निम्मा गोंधळ होतो. परवाना असला की फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचे सरकारी प्रमाणपत्र, लागत नाही. नाशिकच्या द्राक्ष निर्यातदारांना ज्या कागदासाठी धावपळ करावी लागते तोच हा कागद. मात्र अटी काटेकोर आहेत. एका पाकिटात एकाच जातीच्या जास्तीत जास्त 50 बिया किंवा 10 ग्रॅम वजन, एका खेपेत जास्तीत जास्त 50 पाकिटे, माती नाही, शेंगेचा कचरा नाही, कीडनाशक चोळलेले नाही, आणि प्रत्येक पाकिटावर शास्त्रीय नाव, मूळ देश व पाठवणाऱ्याचे नाव. परवानाधारकाला हिरव्या-पिवळ्या रंगाची लेबले मिळतात, ती तो आपल्याकडे पाठवतो, आणि खेप त्याच्या घरी न जाता त्या लेबलावरच्या तपासणी केंद्राकडे जाते.

माझी पहिली खेप याच केंद्रावर अडकली होती. आतल्या एका पाकिटावर मी 'फाटकाजवळचा निळा' असे लिहिले होते, कारण माझ्या वहीत त्या झाडाचे तेच नाव होते. तपासनीसाने त्याचे काय करावे? शिवाय दुसऱ्या एका पाकिटात मी उदारपणे 53 बिया भरल्या होत्या. दोन्ही पाकिटे गेली, बाकीची महिनाभर उशिरा पोहोचली. तेव्हापासून मी बिया भरताना मोजून 45 वर थांबते आणि नाव लिहिताना आधी शास्त्रीय नाव, मग संकराचा तपशील, आणि माझे घरगुती टोपणनाव अगदी शेवटी, असा क्रम ठेवते. बी संकराचे असेल आणि एकच जात सांगता येत नसेल, तर निदान 'आयरिस' ही प्रजाती, तिचा गट आणि दोन्ही पालकांची नावे लिहावीत.

युरोपच्या बाबतीत नियम कडक आहे. 14 डिसेंबर 2019 पासून युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या लावणीयोग्य सगळ्या वनस्पतींना, म्हणजे बियांनाही, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागते, आणि ब्रिटन 1 जानेवारी 2021 पासून त्या व्यवस्थेच्या बाहेर आहे. त्यामुळे पूर्वी जर्मनीला साध्या टपालाने जाणारे माझे बी आता तपासणीशिवाय जाऊ शकत नाही. एका पाकिटासाठी तपासणीचे शुल्क भरणे परवडत नाही, म्हणून आम्ही चार-पाच जण बी एकत्र करून वर्षातून एकदाच एका प्रमाणपत्रावर पाठवतो. त्यासाठी सगळ्यांच्या पाकिटांवरची नावे एकाच पद्धतीने आणि एकाच यादीत असावी लागतात. एकाने आळस केला तर सगळी खेप थांबते. न्यूझीलंडमध्ये 29 जुलै 1998 पूर्वी त्या देशात नसलेली जात 'नवा जीव' समजली जाते, त्यामुळे तेथे जातीचे नाव हीच परीक्षा असते. इकडे इंग्लंडमध्ये तळ्याकाठी उगवणारा आणि येथलाच मूळचा पिवळा आयरिस स्यूडॅकोरस तेथे उपद्रवी तण म्हणून बंदीच्या यादीत आहे, अमेरिकेच्या अनेक राज्यांतही आहे. तो कोणालाही पाठवू नये, कोणी मागितला तरी.

भारतात राहणाऱ्या मित्रांसाठी थोडक्यात सांगायचे तर 2003 च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशाप्रमाणे पेरणीसाठी बी आणायला सर्वसाधारणपणे आयात परवाना आणि प्रमाणपत्र दोन्ही लागतात. उलट दिशेने, सुट्टीत कुलू-मनालीला गेल्यावर रानातील आयरिसची शेंग खिशात टाकून परदेशी नेणे हा साधा छंद राहत नाही. जैविक विविधता कायदा, 2002 अनिवासी भारतीयांनाही लागू होतो, हे आम्हां परदेशस्थ मंडळींच्या सहसा ध्यानात नसते.

पाकीट आले, पण बी बुरसटलेले किंवा फुटलेले आहे

याची कारणे दोनच आहेत आणि दोन्ही पाठवणाऱ्याच्या हातातली आहेत. शेंग हिरवी असताना काढली, किंवा बी पुरते न सुकवता प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केले. शेंग तपकिरी होऊन टोकाशी उलायला लागली की काढावी, बी कागदी ताटलीत मोकळे पसरून दोन आठवडे सावलीत ठेवावे आणि पातळ कागदी पाकिटात भरावे. प्लॅस्टिक वापरायचेच असेल तर बाहेरून, पावसापासून राखण म्हणून. चुरा होऊ नये यासाठी बुडबुड्यांचे अस्तर असलेला लिफाफा पुरतो.

वरवर बुरशी दिसली म्हणून बी फेकू नये. कोमट पाण्यात धुऊन नखाने दाबून पाहावे. आयरिसच्या बियांतील गर शिंगासारखा टणक असतो, नख रुतत नाही. खात्रीच करायची असेल तर एक बी बळी द्यावे: धारदार पात्याने उभे कापले की आत पांढरा, चकचकीत, कठीण गर आणि त्यात एका टोकाशी काडीएवढा बारीक गर्भ दिसतो. गर करडा, मऊ किंवा पोकळ असेल तरच बी मेले असे म्हणावे.

येथे एक चूक माझ्या माहेरच्या वळणाची आहे, ती सांगायलाच हवी. भाताचे बी पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकायचे, हे मी आजोबांच्या हाताखाली लहानपणापासून पाहिलेले. लुइझियाना गटातील आयरिसचे पहिले बी हाती आले तेव्हा मी न विचारता तेच केले आणि सगळेच तरंगले म्हणून सगळेच टाकून दिले. या गटाच्या बियांवर बुचासारखे हलके, जाड आवरण असते. पाण्याबरोबर वाहत जाऊन दूर रुजणे हाच त्यांचा स्वभाव आहे, त्यामुळे निरोगी बीसुद्धा तरंगते. पाठवणाऱ्याने चिठ्ठीवर 'लुइझियाना' एवढे लिहिले होते, 'तरंगते, बुचाचे आवरण सोलून पेरा' हे पाच शब्द लिहिले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. ते आवरण सोलले की उगवण पुष्कळ लवकर होते, हे मला दोन वर्षांनी कळले.

बी टणक आहे, तरी रुजत नाही

तक्रारींपैकी बहुतेक येथे येऊन थांबतात, आणि येथे एक प्रश्न सगळ्यात आधी विचारावा: या बियांना ओल्या अवस्थेत थंडी मिळाली आहे का?

समशीतोष्ण प्रदेशातील बहुतेक आयरिसचे बी शेंगेतून बाहेर पडते तेव्हा झोपलेले असते. हिवाळा येऊन गेला असे त्याला पटल्याशिवाय ते जागे होत नाही, आणि ही खात्री पटायला थंडी व ओल दोन्ही एकाच वेळी लागतात. नुसती कोरडी थंडी त्याच्या हिशेबात धरली जात नाही. मटकीला मोड आणायला जशी ऊब आणि ओल दोन्ही लागतात तसेच हे, फक्त उबेच्या जागी थंडी. हा फरक न कळल्यामुळे किती कुंड्या रिकाम्या राहतात याची गणती नाही. मला एकदा ऑरेगनहून आलेल्या पाकिटावर 'तीन महिने फ्रीजमध्ये' असे लिहिलेले होते. माझा समज असा झाला की थंडीचे काम तिकडेच झालेले आहे. म्हणून मी मार्चमध्ये बी पेरून कुंडी स्वयंपाकघरातील उबदार खिडकीत ठेवली. जूनपर्यंत काही नाही. मी थोडे नाराजीचे पत्र लिहिले, त्यांचे उत्तर आले की बी फ्रीजमध्ये हवाबंद बरणीत कोरडे ठेवले होते, टिकावे म्हणून. आम्ही दोघेही खरे बोलत होतो आणि 'फ्रीज' या शब्दाने दोघांना वेगवेगळे सांगितले होते. ती कुंडी मी रागाने कुंपणाखाली सरकवून ठेवली, लीड्सचा एक हिवाळा तिच्यावरून गेला, आणि पुढच्या मार्चमध्ये गवतासारखी सतरा पाती वर आली.

तेव्हा उपाय असा. बी हातात आल्यावर आधी चोवीस तास पाण्यात भिजवावे. दाढीवाल्या, म्हणजे पाकळीवर केसाळ पट्टा असलेल्या, आयरिसच्या बियांत उगवण रोखणारी द्रव्ये असतात आणि ती पाण्यात विरघळतात, म्हणून त्यांच्यासाठी आठवडाभर रोज पाणी बदलावे. नंतर ओल्या पण निथळलेल्या टिश्यू कागदात किंवा व्हर्मिक्युलाइट या ओल धरणाऱ्या हलक्या खनिजात बी गुंडाळून, नाव आणि तारीख लिहून, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात साधारण 4 अंश सेल्सियसला आठ ते बारा आठवडे ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. भिजलेल्या बियांत बर्फ झाला की ते खरोखरच मरते. सहाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला उघडून पाहावे, कारण पॅसिफिक किनाऱ्याच्या जातींना कधीकधी फ्रीजमध्येच कोंब फुटतात. आणि मग कुंडी थंड उजेडात ठेवावी, 10 ते 15 अंशांच्या आसपास. थंडी दिलेले बी थेट पंचवीस अंशांच्या खिडकीत नेले तर ते पुन्हा झोपी जाऊ शकते. ही दुसरी मोठी चूक आहे आणि ती नेमकी उत्साही माणसाकडून होते. जेथे हिवाळा आहे तेथे सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ऑक्टोबरमध्ये कुंडीत पेरून कुंडी बाहेर सोडून देणे. माझ्याकडे आता सगळे बी असेच जाते, फ्रीज मी फक्त उशिरा आलेल्या पाकिटांसाठी वापरते.

उशिरा येणारी पाकिटे म्हणजे मुख्यतः दक्षिण गोलार्धातली. न्यूझीलंडला शेंगा तिकडच्या उन्हाळ्याच्या शेवटी, जानेवारी ते मार्चमध्ये पिकतात आणि माझ्याकडे बी पोहोचते एप्रिलमध्ये, म्हणजे हिवाळा संपल्यावर. ते तसेच बाहेर पेरले तर वर्षभर कुंडी रिकामी दिसणार. अशा वेळी दोनच पर्याय राहतात: लगेच फ्रीजमध्ये ओली थंडी देऊन जुलैत रोपे करावीत, किंवा बी कोरडे ठेवून ऑक्टोबरची वाट पाहावी. मी दुसरा पर्याय घेते, कारण जुलैतील कोवळी रोपे गोगलगायी खातात. माझे बी सप्टेंबरात तिकडे जाते तेव्हा हीच अडचण त्यांना येते. म्हणून पाकिटावर शेंग काढल्याचा महिना आणि वर्ष लिहिणे अपरिहार्य आहे. '2024 चे बी' याचा अर्थ लीड्समध्ये एक आणि ऑकलंडमध्ये दुसराच निघतो.

पश्चिम आशियातील ऑन्कोसायक्लस गट या सगळ्याला अपवाद आहे. त्याच्या बियांच्या एका टोकाला मलईच्या रंगाची मांसल गाठ असते आणि ते वर्षानुवर्षे कुंडीत निवांत पडून राहू शकते. अनुभवी लोक गर्भाजवळचे टोक तासून त्याला जबरदस्तीने उगवायला लावतात. नवशिक्याने आधी दहापाच साध्या बियांवर हात बसवावा.

रुजले, फुलले, पण हे ते नव्हेच

बी पेरल्यापासून फूल येईपर्यंत दोन-तीन वर्षे जातात, त्यामुळे या तक्रारीला धार जास्त असते. बागेत मोकळेपणे परागीभवन झालेल्या शेंगेतील बी आईच्या नावाने पाठवले जाते, पण बापाचा पत्ता मधमाशीलाच ठाऊक असतो. डग्लसियाना आणि इनॉमिनाटा शेजारी लावले की ते सर्रास संकरित होतात. सायबेरियन गटातील सिबिरिका आणि सँग्विनिया यांचेही तेच. अशा बियांवर 'मोकळे परागीभवन' हे दोन शब्द लिहिले की भांडणच मिटते. हाताने केलेल्या संकरात नेहमी आधी शेंग धरणाऱ्या झाडाचे नाव, मग परागाचे, हा क्रम सगळीकडे पाळला जातो. तो उलटला की घेणारा आपल्या वहीत उलटी वंशावळ लिहितो आणि ती पुढे तशीच पसरते. पालकांचे गटही लिहावेत. सायबेरियन म्हणवणाऱ्यांत 28 गुणसूत्रांचे आणि 40 गुणसूत्रांचे असे दोन वेगळे कळप आहेत. चाळीसवाल्यांचा पॅसिफिक जातींशी संकर होतो, पण त्याची संतती बहुधा वांझ असते. हे आधी कळले तर त्या रोपांना पुढची शेंग धरत नाही म्हणून कोणी खत बदलत बसणार नाही.

कधी चूक नावातच असते, माणसात नसते. 'आयरिस एन्साटा' हे नाव आज जपानी बागांतील मोठ्या, पाणथळ जागेतल्या फुलाचे आहे, पण जुन्या पुस्तकांत ते काश्मीर आणि मध्य आशियातील लॅक्टिया या निराळ्या, कोरडवाहू जातीला दिलेले आढळते, आणि जपानी फुलाला तेव्हा केंफेरी म्हणत. जुन्या पुस्तकावरून नाव लिहिणाऱ्याने पाठवलेले 'एन्साटा' तुम्ही तळ्यात लावाल आणि ते कुजेल. म्हणून नावाबरोबर झाड कशा जागी उभे आहे, ओल्या की कोरड्या, आम्लधर्मी मातीत की चुनखडीच्या, हे मी हल्ली आवर्जून विचारते. शंका असेल तर बी नीट पाहावे: सायबेरियनचे चपटे आणि अर्धगोल, शेंगेत नाण्यांसारखे रचलेले, पॅसिफिकचे बारीक काळ्या मिरीसारखे सुरकुतलेले, लुइझियानाचे बोजड आणि बुचाचे. पिशवीवर एक नाव आणि आत दुसरेच बी हे पेरण्याआधीच ओळखता येते.

आता माझ्या प्रत्येक पाकिटावर शास्त्रीय नाव किंवा गट, शेंगेचे झाड व परागाचे झाड, शेंग काढल्याचा महिना आणि वर्ष, कोरडे साठवले की ओली थंडी दिली, आणि मोजलेल्या बियांची संख्या एवढे असते. पाकिटात हेच सगळे लिहिलेली कागदाची दुसरी पट्टीही टाकते, कारण तपासणी केंद्रात बी एका पाकिटातून दुसऱ्यात जाते तेव्हा बाहेरचे पाकीट हरवू शकते. घेणाऱ्याने ती पट्टी कुंडीवरच्या प्लॅस्टिकच्या खुणेवर जशीच्या तशी उतरवावी, आणि शिसपेन्सिलने उतरवावी. पेनाची शाई एका उन्हाळ्यात उडते, पेन्सिलची रेघ तीन-चार पावसाळे टिकते. रिकामी दिसणारी कुंडी निदान तिसऱ्या वसंतापर्यंत ओतू नये. माझ्या कुंपणाखाली सध्या अशा चार कुंड्या आहेत, त्यांतील एकीत गेल्या आठवड्यात दोन पाती दिसली. तिच्या खुणेवरची अक्षरे मी एकेकाळी पेनाने लिहिली होती.